निरोप हातात पडेपर्यंत

सांगलीत जुलै-ऑगस्ट उजाडला की माणसे एकमेकांना तब्येत विचारण्याआधी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५ मध्ये कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली, २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर गेली, आणि २०२१ मध्ये तिने पुन्हा ५० फूट ओलांडले. या प्रत्येक पुराची आठवण काढताना लोक पाण्याबद्दल, जनावरांबद्दल, चिखलाबद्दल बोलतात. मला मात्र त्या शांततेबद्दल लिहायचे आहे, जी पाणी चढू लागल्यावर हळूहळू पसरत जाते. आधी सुरक्षिततेसाठी वीज बंद केली जाते. मग मोबाइलच्या टॉवरवरच्या बॅटऱ्या उतरतात, जनरेटरला डिझेल पोहोचवायला रस्ता राहिलेला नसतो, आणि ज्या घटकेला गावाला सर्वांत जास्त काही सांगायचे असते, नेमक्या त्याच घटकेला गावाचा आवाज बंद होतो.

मी हौशी रेडिओचा परवानाधारक, म्हणजे ज्याला सगळे हॅम म्हणतात तो आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यातील डब्ल्यूपीसी या विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळतो, वयाची १२ वर्षे पूर्ण झालेला कोणीही ती देऊ शकतो, आणि परवान्याबरोबर मिळालेले कॉल साइन हीच हवेत आपली ओळख असते. हॅम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मायक्रोफोन घेऊन बोलणारा माणूस येतो, आणि ते बरोबरच आहे. पण गेली काही वर्षे माझा बराचसा वेळ आणि विचार रेडिओवरून ईमेल पाठवण्यात गेला आहे. त्यातून माझे एक मत तयार झाले आहे. या कामात यंत्राचा भाग आता पुष्कळ पक्का झाला आहे. कच्चा राहिला आहे तो संदेश लिहिणाऱ्या आणि पोहोचवणाऱ्या माणसांचा भाग, आणि पुरात जीव अडकतात ते तिथेच.

आधी यंत्राविषयी सांगायला हवे. विनलिंक नावाची जी जागतिक व्यवस्था आज बहुतेक हॅम वापरतात, ती स्वयंसेवक चालवतात आणि तिच्या मागे ना-नफा संस्था आहे. सुरुवातीच्या काळात तिचा मोठा उपयोग भर समुद्रात शिडाच्या होडीतून फिरणाऱ्या हॅम मंडळींना झाला, कारण किनारा सोडला की त्यांच्याजवळ दुसरे साधनच नसे. परवानाधारकाच्या कॉल साइनपुढे विनलिंकचे नाव जोडले की त्याचा ईमेल पत्ता तयार होतो. लॅपटॉपवर पत्र लिहायचे, लॅपटॉप आणि रेडिओ संच यांच्यामध्ये साउंड कार्डचा एक छोटा इंटरफेस जोडायचा, आणि संचावरून दूरच्या एखाद्या गेटवे स्टेशनला हाक मारायची. त्या गेटवेकडे इंटरनेट चालू असते. आपल्याकडचे टॉवर बुडाले म्हणून तीनशे-चारशे किलोमीटरवरचे इंटरनेट काही बुडत नाही, आणि रेडिओलहर मधल्या पाण्यावरून त्या कोरड्या जागी उडी मारते. तिथून पुढे पत्र साध्या ईमेलसारखे जाते. इंटरनेट अजिबात नको असेल तर दोन स्टेशने एकमेकांशी थेट जोडूनही पत्र देता येते, आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मला ही रीत जास्त विश्वासाची वाटते.

पत्राचे छोटे छोटे तुकडे करून ते पाठवले जातात. प्रत्येक तुकडा नीट मिळाला की पलीकडचे स्टेशन पोच देते, आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवते. पूर्वी यासाठी पॅक्टर नावाच्या पद्धतीचा महागडा मोडेम लागत असे. आता स्पेनमधील एका हॅमने तयार केलेले वारा हे सॉफ्टवेअर किंवा आर्डॉपसारखे मुक्त साधन साध्या लॅपटॉपवर तेच काम करते. खरखर वाढली तर वेग कमी होतो, पण अक्षर बदलत नाही. आवाजी संदेशात ‘पाच’चे ‘पन्नास’ होऊ शकतात आणि औषधाच्या मात्रेत तो फरक जीवावर बेतू शकतो; इथे ५ मिलिग्रॅम लिहिले तर पलीकडे ५ मिलिग्रॅमच उमटते.

आमच्या भागात या साधनाचे मोल समजायला जमिनीचा उतार पाहावा लागतो. सांगली-मिरजेच्या सपाटीवर १४४ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ पट्ट्यात हातातल्या छोट्या संचानेही बोलता येते. पण शिराळ्याच्या पश्चिमेला किंवा साताऱ्यातील पाटणच्या दऱ्यांत शिरले की सह्याद्रीच्या धारा मध्ये येतात आणि सरळ रेषेत जाणाऱ्या लहरी तिथेच अडतात. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा त्या गावांकडे जाणारे रस्तेच तुटले होते. अशा दरीतून बाहेर पडायचा मार्ग वरच्या दिशेने आहे. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे ६६ फूट तारेचा डायपोल, म्हणजे साधा तारेचा अँटेना, जमिनीपासून फक्त पंधरा-वीस फुटांवर, दोन झाडांना किंवा शाळेच्या छपराला आणि झेंड्याच्या खांबाला ताणून बांधला, की त्यातील लहरी जवळजवळ सरळ आकाशात जातात, दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरातून, परततात आणि आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरच्या मुलखावर छत्रीसारख्या उतरतात. डोंगर मध्ये येतच नाही. रात्री आयनांबर विरळ झाले की हाच खेळ ३.५ मेगाहर्ट्झवर, दुप्पट लांबीच्या तारेने खेळावा लागतो. वळवाच्या दिवसांत या खालच्या पट्ट्यात विजांची कडकड फार असते; पूर येतो त्या जुलै-ऑगस्टच्या संततधारेत ती बरीच कमी असते, एवढी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे.

संचाला १२ व्होल्टची बॅटरी पुरते. ट्रॅक्टरची चालते, इन्व्हर्टरची चालते. पण डेटा पाठवताना संच सतत पूर्ण ताकदीने प्रसारण करत असतो, म्हणून १०० वॅटचा संच असला तरी मी ३०-४० वॅटवरच ठेवतो, नाहीतर संच तापतो आणि बॅटरीही लवकर बसते.

इतके सगळे जमले, तरी प्रश्न उरतोच, आणि तो मला २०१९ च्या पुराने दाखवला. तेव्हा माझ्याकडे परवाना नव्हता. पलूस तालुक्यात नदीकाठी राहणारी माझी आत्या तेव्हा गावातच अडकली होती आणि फोन लागत नव्हते. तिचा निरोप तोंडी निघाला: ‘आत्याला शाळेच्या माडीवर हलवलंय, ती बरी आहे, पण बीपीच्या गोळ्या उद्यापर्यंतच आहेत.’ हा निरोप नावेतल्या माणसाने घेतला, त्याने काठावरच्या कोणाला सांगितला, त्याने ट्रकवाल्याला दिला, आणि आमच्या दारात पोहोचला तेव्हा त्यातले ‘आत्याला हलवलंय’ एवढेच शिल्लक होते. हलवलंय म्हणजे दवाखान्यात, असे घरच्यांनी धरले. माझा आतेभाऊ दिवसभर मिरजेतील दवाखाने पालथे घालत राहिला, आणि गोळ्यांचा विषय कोणाच्या ध्यानातही आला नाही. मधल्या एकाही माणसाचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने स्वतःच्या संकटातून वेळ काढून तो निरोप पुढे नेला होता. तोंडी निरोपातून सर्वांत आधी गळतात त्या जागा, वेळा आणि औषधांची नावे, आणि संकटात नेमकी त्यांचीच गरज असते.

परवाना घेतल्यावर मी पहिल्यांदा शोध घेतला तो संदेश कसा लिहितात याचा. जगभरातील हॅम मंडळींनी या बाबतीत शंभर वर्षांहून जास्त काळ विचार केलेला आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील हॅमच्या संघटनेचे मूळ कामच एका स्टेशनने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला संदेश देत तो दूरवर नेणे हे होते. त्यांच्या रेडिओग्रामच्या नमुन्यात संदेशाचा क्रमांक असतो, निकड असते, पहिल्या स्टेशनचे कॉल साइन असते, शब्दसंख्या असते, निघाल्याचे ठिकाण, वेळ आणि तारीख असते, आणि मजकूर शक्यतो २५ शब्दांत बसवावा असा संकेत असतो. शब्दसंख्या लिहिण्यामागचे कारण मला फार आवडते: घेणाऱ्याने शब्द मोजायचे, आणि आकडा जुळला नाही तर तिथेच थांबवून विचारायचे. आपत्ती यंत्रणा वापरतात तो आयसीएस २१३ हा साधा नमुनाही विनलिंकमध्ये तयार मिळतो. कोणाला, कोणाकडून, पदनाम, विषय, वेळ, मजकूर, मंजुरी देणाऱ्याचे नाव अशा चौकटी भरल्या की हवेतून फक्त भरलेली माहिती जाते. चौकटी पलीकडचे सॉफ्टवेअर स्वतः आखून घेते. त्यामुळे पूर्ण अर्ज काही शे बाइटमध्ये मावतो.

निकडीच्या चार पायऱ्या आहेत. जीव धोक्यात असेल तर आणीबाणी, वेळेचे बंधन असलेल्या सरकारी किंवा मदतीच्या कामाला प्राधान्य, माणसांच्या खुशालीला खुशाली, आणि उरलेले सगळे साधारण. पुराच्या तिसऱ्या दिवशी सगळ्यांनाच आपला संदेश पहिल्या पायरीचा वाटू लागतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून निकड ठरवायचा अधिकार संदेश देणाऱ्याचा आहे आणि त्याला पायऱ्यांचा अर्थ समजावून सांगण्याची जबाबदारी ऑपरेटरची आहे. सही झाल्यानंतर मात्र ऑपरेटरने एक अक्षरही बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘दोन गरोदर बायका’ असे पोलीस पाटलांनी लिहून दिले असेल आणि किती महिन्यांच्या हे विचारायला हवे असे वाटले, तर सही घेण्यापूर्वी विचारावे. मनाने ‘तातडीने’ हा शब्द घालणे ही मदत वाटते, पण तिथूनच संदेशावरचा विश्वास पातळ होऊ लागतो.

ठिकाणाच्या बाबतीत आपला मुलूख ऑपरेटरची परीक्षाच पाहतो. मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आहे आणि मौजे डिग्रज आहे, आणि दोन्ही कृष्णेच्या परिसरातली. ‘डिग्रजला होडी पाठवा’ एवढेच कोणी लिहिले तर होडी कोणत्या डिग्रजला जाणार? नागठाणे पलूस तालुक्यात आहे, बालगंधर्वांचे. आणि नागठाणे सातारा तालुक्यातही आहे, महामार्गावरचे. गावातल्या माणसाला स्वतःचे गाव एकच असते, म्हणून तो तालुका लिहीत नाही, आणि त्याने तो का लिहावा, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. बुद्रुक आणि खुर्द तर बोलताना आपण सगळेच गाळतो. त्यात विनलिंकची घडण रोमन लिपी गृहीत धरून झालेली आहे. शिवाय देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते, जिथे रोमन अक्षराला १ पुरतो. म्हणून आम्ही संदेश रोमन लिपीतल्या मराठीत लिहितो, आणि त्यात ल आणि ळ, न आणि ण यांचा भेद पुसला जातो. यावर माझा उपाय असा की प्रत्येक संदेशात गावाचे पूर्ण नाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश ही तिन्ही असलीच पाहिजेत. तीनपैकी एक चुकले तरी उरलेली दोन ते उघडे पाडतात.

वेळेचेही तसेच आहे. विनलिंक यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ नोंदवते आणि आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहोत. ८ ऑगस्टच्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी पाठवलेल्या संदेशावर ७ ऑगस्ट, २१ वाजून १० मिनिटे अशी नोंद पडते. पाणी तासाला काही इंचांनी चढत असताना ज्याने हा संदेश सकाळी वाचला, त्याला तो कालच्या रात्रीचा वाटेल आणि त्यातली पातळी जुनी म्हणून तो बाजूला ठेवेल. मजकुरातच ‘भारतीय वेळ’ असे लिहून तारीख आणि वेळ द्यावी, आणि पाण्याची पातळी ज्या क्षणी पाहिली तो क्षण द्यावा, पाठवल्याचा नव्हे.

काय पाठवावे याबद्दल माझा अनुभव असा की जे आत्ता, या मिनिटाला हवे आहे ते आवाजाने सांगावे, आणि जे जसेच्या तसे हवे आहे ते ईमेलने पाठवावे. नाव उलटली असेल तर लॅपटॉप उघडण्यात वेळ घालवू नये, मायक्रोफोन उचलावा. पण निवारा केंद्रातील माणसांची नावे, वये, औषधे, दुधाच्या पावडरीची गरज, मृत जनावरांची संख्या अशा याद्या आवाजावर सांगू लागलो तर एका यादीत अर्धा तास जातो आणि दुसऱ्या कोणाला पट्टा मोकळा मिळत नाही. छायाचित्रांचा मोह टाळावा. मोबाइलमधला एक फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि विनलिंकवर पूर्ण पत्राची मर्यादा दाबून लहान केल्यावरही १२० केबीच्या आसपास आहे. पुलाचा कठडा वाहून गेला हे चार शब्दांत सांगता येते.

एका गोष्टीची आठवण मात्र सतत ठेवावी लागते. हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई आहे, आणि विनलिंकवरून रेडिओने गेलेली पत्रे इतर परवानाधारकांना पाहता यावीत अशी सोयही केलेली आहे. ती असावीच, कारण हा पट्टा सर्वांचा आहे. पण मग शाळेच्या माडीवरच्या एखाद्या बाईच्या आजाराचे नाव तिच्या नावासह हवेत सोडायचे का, हे ऑपरेटरला ठरवावे लागते. ‘निवारा क्रमांक, खोली क्रमांक, महिला, वय ६२, पुढील गोळ्या’ एवढ्यानेही औषध पोहोचते. तिला विचारून, जमेल तितके कमी लिहून पाठवावे. परदेशातल्या गेटवेवरून तिऱ्हाइताचा, म्हणजे स्वतः हॅम नसलेल्या माणसाचा, संदेश जाण्याचा प्रश्न २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने सोडवला आहे: आणीबाणी आणि आपत्तीच्या मदतीसाठी असे संदेश हौशी स्टेशनांना नेता येतात. इतर वेळी नाही, आणि ही मर्यादा आपण पाळली तरच संकटाच्या वेळी आपला शब्द कोणी ऐकेल.

आता शेवटच्या टप्प्याकडे येतो, ज्यावर माझ्या मते सर्वांत कमी बोलले जाते. गेटवेने पोच दिली म्हणजे पत्र व्यवस्थेत पोहोचले. ज्याला ते वाचायचे आहे त्याच्यापर्यंत पोहोचले असे नाही. जिल्हाधिकारी हे २००५ च्या कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि नियंत्रण कक्ष त्यांच्या हाताखाली चालतो. पुराच्या दिवसांत त्या कक्षातील ईमेल उघडून पाहायला माणूस मोकळा असेलच असे नाही, आणि अनोळखी पत्त्यावरून आलेले पत्र स्पॅममध्ये जाऊन पडू शकते. उत्तराची वाट तर आणखी अवघड आहे. विनलिंक अनोळखी पत्त्यावरचे पत्र आत घेत नाही. विषयात ठरलेला संकेत नसेल तर ते परत जाते. ज्या पत्त्यावर आपण आधी लिहिले आहे त्याचे उत्तर मात्र आपोआप आत येते, म्हणून पावसाळ्यापूर्वीच नियंत्रण कक्षाला एक चाचणी पत्र पाठवून ठेवणे हे साधे पण फार उपयोगाचे काम आहे. आणि आलेले उत्तर हवेतून आपल्याकडे चालत येत नाही. आपण पुन्हा गेटवेला हाक मारून ते उतरवून घेईपर्यंत ते तिथेच पडून राहते. गावातल्या ऑपरेटरने दर तासाला ठरलेल्या मिनिटाला हाक मारायची शिस्त पाळली नाही, तर ‘गोळ्या घेऊन बोट ११ वाजता निघते आहे, धक्क्यावर माणूस ठेवा’ हे उत्तर संध्याकाळी वाचले जाईल.

म्हणून माझा आग्रह असतो की नियंत्रण कक्षात, शक्य असेल तिथे, एक हॅम बसलेला असावा. त्याने पत्र उतरवून घ्यावे, कागदावर छापावे किंवा सुवाच्य अक्षरात लिहावे, संबंधित अधिकाऱ्याच्या हातात द्यावे, घेतल्याची वेळ आणि सही घ्यावी, आणि ती वेळ उलट संदेशाने गावाला कळवावी. गावातही तेच: उत्तर आले की ते तलाठी, ग्रामसेवक किंवा ज्याच्या नावे आहे त्याच्या हातात कागद म्हणून जावे. दोन्ही टोकांना कार्बन पेपर घातलेले वहीचे पान असावे. लॅपटॉप भिजेल, बॅटरी बसेल, ऑपरेटर बदलून दुसरा येईल, आणि नव्या माणसाला आधी काय गेले, काय आले, कशाचे उत्तर बाकी आहे हे त्या वहीतूनच कळेल.

आम्ही काही जण दर उन्हाळ्यात सराव करतो. पूर्वी ‘पत्र गेले, गेटवेची पोच आली’ इथे सराव संपत असे आणि सगळे समाधानाने तार गुंडाळत असत. आता आम्ही तो बदलला आहे. नदीकाठच्या एखाद्या गावात शाळेच्या आवारात डायपोल बांधायचा, गावातल्याच कोणाकडून खरा वाटेल असा संदेश घ्यायचा, त्यावर ‘सराव’ असे ठळक लिहायचे, तो सांगलीत बसलेल्या ऑपरेटरने उतरवून ठरलेल्या माणसाच्या हातात द्यायचा, त्याने त्यावर काय करणार ते स्वतःच्या अक्षरात लिहायचे, आणि ते उत्तर परत गावात येऊन संदेश देणाऱ्याने वाचून सही करेपर्यंत तार सोडायची नाही. मागच्या उन्हाळ्यात संदेश देणाऱ्या आजींनी उत्तर ऐकून विचारले, ‘बोट कुठल्या धक्क्याला लागणार, ते नाही लिहिलंय रे.’ खरोखरच लिहिलेले नव्हते. तेव्हापासून आमच्या नमुन्यात ‘पोहोचण्याची जागा’ अशी एक वेगळी चौकट आहे, आणि यंदा मे महिन्यात नदीकाठच्या गावांतील धक्क्यांची, गावकरी ज्या नावांनी त्यांना ओळखतात त्या नावांसह, यादी करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे.